परदेशात गाडी चालवायची आहे? आधी घरातली लायसन्स काढून बघा

सासू-सासरे, मेहुणा, दोन मुलं आणि जपानमध्ये आठवडाभर भाड्याची गाडी असा बेत ठरला की सगळे आधी हॉटेलं बघतात. गाडी कोण चालवणार, हे विमानतळावरच्या काउंटरवर ठरवू म्हटलं तर ते जमत नाही. जपानमध्ये भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येत नाही. त्यासाठी रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं, आणि ते भारतातलं आरटीओ देतं. न्यूझीलंडला आपलं इंग्रजीतलं मूळ लायसन्स चालतं. चीनच्या मुख्य भूमीवर मात्र हे परमिट चालतच नाही. देश ठरल्यावर पहिली चौकशी हीच करा.

परमिट कोणाला मिळतं? ज्याचं पक्कं लायसन्स चालू आहे त्याला. लर्निंगवर मिळत नाही. परमिटची मुदत एक वर्ष असते, पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर परमिटही तिथेच संपतं. घोळ होतो तो ज्येष्ठांच्या बाबतीत. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्सचं नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होतं आणि ती तारीख कोणाच्याच लक्षात नसते. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

दुसरी अडचण नावाची. सुनेच्या लायसन्सवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. गाडी देणारा पासपोर्ट, लायसन्स आणि परमिट शेजारी ठेवून बघतो. त्यामुळे आधी लायसन्सवरचं नाव बदलून घ्या, मगच परमिटचा अर्ज करा. (लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं असा नियम नाही, हे आधी कळलं तर पुष्कळ धावपळ वाचते.)

अर्ज परिवहनच्या ‘सारथी’ पोर्टलवर करायचा. महाराष्ट्र निवडून ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये जा, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख भरा, आंतरराष्ट्रीय परमिटचा पर्याय निवडा. जुनं पुस्तकी लायसन्स पोर्टलवर सापडत नसेल, तर आरटीओतून आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसन्सची ऑनलाइन नोंद, करून घ्यावी लागते आणि त्यात दिवस जातात. अर्जाचा नमुना ‘४-ए’, शुल्क १,००० रुपये. सोबत लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो. जानेवारी २०२१च्या अधिसूचनेने व्हिसा आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची अट काढली आहे. तरी कोणी मागितलंच तर वाद घालत बसण्यापेक्षा व्हिसा-तिकिटाची प्रत जवळ असलेली बरी.

माझं मत विचाराल तर परमिट दोघांच्या नावावर काढा, जावयाच्या आणि मेहुण्याच्या किंवा लेकीच्या. मात्र परमिट असलं तरी दुसऱ्या चालकाचं नाव भाडेकरारात लिहून घ्यायलाच हवं. नाव नसलेल्याने स्टिअरिंग धरलं आणि गाडी घासली, तर विम्याचं संरक्षण मिळत नाही. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड बहुतेक ठिकाणी मुख्य चालकाच्याच नावाचं मागतात. सासऱ्यांचं कार्ड तिथे कामाचं नाही.

जपानमध्ये सहा वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे, ती गाडीसोबतच बुक करा. आणि परमिट घेतलं म्हणून मूळ लायसन्स घरी ठेवू नका. एकटं परमिट चालत नाही, दोन्ही सोबत लागतात.