बेसबॉलचा भाव आणि तीन टक्क्यांचा घोळ

आयपीएल संपली की बेळगावात, निपाणीत, खानापुरात क्रिकेटच्या सट्ट्यातल्या भावाची चर्चा थंड होते, पण मोबाइलमुळं काही पोरांना आता बेसबॉल सापडलाय. अमेरिकेत न्यूयॉर्कला संध्याकाळी सातची मॅच म्हणजे आपल्याकडं पहाटेचे साडेचार, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात नाईट शिफ्टला असणाऱ्याला एकदम सोयीची वेळ, आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज मॅच. मग सुरू होतं, "चार मॅच हारलेत बे, आज जिंकायलाच पायजे की!" तर ह्याच्यावर थोडं गणित बघूया. पैसे लावायसाठी नव्हे, २०२५ च्या ऑगस्टात केंद्रानं पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केलाय, तो विषय तिथंच संपला. पण शक्यता म्हणजे काय हे शिकायला बेसबॉलसारखा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

आधी मटका घ्या. एकेरी आकड्याला रुपयाला, लावलेला रुपया धरून, नऊ मिळतात, आकडा लागायची शक्यता दहात एक, म्हणजे लावलेल्या शंभरातले दहा सरासरीनं गेलेच. आकडा आधीच्या आकड्यावर अवलंबून नसेल तर तिथं चार्ट घेऊन रात्र-रात्र बसून कायबी उपयोग नाही. बेसबॉलमध्ये तसं नाही, तिथं अभ्यासाला जागा आहे, पण बुकीचा वाटा तिथंही असतोच. समजा फेव्हरेट टीमचा भाव ६० पैसे, म्हणजे शंभर लावले आणि जिंकलात तर शंभर परत आणि वर साठ सुटणार. हा भाव बरोबरीचा ठरायला ती टीम ६२.५ टक्के वेळा जिंकली पाहिजे. समोरच्या टीमवर शंभराला वर दीडशे मिळत असतील तर तिला ४० टक्के पुरतात. दोन्ही मिळून १०२.५ झाले बघा, आणि मॅच तर एकच, शक्यता शंभरच्या वर जाऊच शकत नाही. हे वरचे अडीच बुकीचे. म्हणून "कोण जिंकणार" हा प्रश्नच नाही, "हा भाव चुकलाय का, आणि बुकीचा वाटा जाऊनही काही उरेल इतका चुकलाय का" हा खरा प्रश्न.

आता चार मॅच हारलेली टीम. मागच्या हारण्याची भरपाई करायची असं मॅचला काही ठाऊक नसतं. उलट बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, साधारण दर पाच दिवसांनी खेळतो, त्यामुळं काल बघितलेली टीम आणि आजची टीम ह्यात सगळ्यात महत्त्वाचा माणूसच बदललेला असतो, आणि भावही त्याच्यावरच हलतो.

शिवाय निकालात नशीब किती असतं ह्याचा आपल्याला अंदाज नसतो. आयपीएलमध्ये लीगला टीमच्या १४ मॅच. एखादी टीम अगदी मधली, प्रत्येक मॅचला पन्नास-पन्नास, तरी ती ९ किंवा जास्त मॅच जिंकायची शक्यता २१ टक्के आहे. म्हणजे पाचातली एक मधली टीम टेबलात वर दिसणार आणि आपण म्हणणार, यंदा काय टीम आहे! अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये ३० टीम आणि प्रत्येकीच्या १६२ मॅच, त्यामुळं नशीब बरंच धुऊन निघतं. सगळं मात्र नाही, ते पुढं येतंय.

बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या बिल जेम्स नावाच्या माणसानं एक साधं सूत्र दिलं, मला ते फार आवडतं. किती मॅच जिंकल्या हे बाजूला ठेवा, रन बघा. केलेल्या रनचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज. समजा एक टीम ८० मॅचमध्ये ४० जिंकली, ४० हारली, पण तिनं ४०० रन केले आणि ३४० दिले. सूत्र म्हणतं ही ५८ टक्क्यांची टीम आहे, ४६ जिंकायला पाहिजे होत्या, एकेक रननं हारून मागं राहिली. पुढच्या मॅचचा अंदाज करायला नुसत्या हारजितीपेक्षा हा आकडा साधारणपणे जास्त उपयोगी पडतो. पण हे बुकीलाही येतं.

ह्या ५८ वर किती लावायचं? १९५६ मध्ये बेल लॅब्स ह्या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतल्या जॉन केली ह्यांनी ह्याचं उत्तर काढलं, तेही टेलिफोनच्या लाइनवरून खरखरीतून माहिती किती जाते ह्या विषयाच्या पेपरात! भाव ८० पैसे आणि तुमचा अंदाज ५८ टक्के असेल तर केलीचं सूत्र सांगतं, हातातल्या पैशाचे साडेपाच टक्के, दहा हजारातले ५५०. आणि त्याच्या दुप्पट लावलं तर बरोबर अंदाज असूनसुद्धा लांबच्या पल्ल्यात वाढ जवळजवळ शून्य होते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण लोक बुडतात ते बहुतेक जास्त लावून.

पण खरी शक्यता ५८ नसून ५५ असेल तर? ८० पैशाला बरोबरीसाठीच ५५.६ लागतात, मग सूत्राचं उत्तर शून्याच्या खाली जातं, म्हणजे लावायचंच नाही. तीन टक्क्यांत सगळं फिरलं. आणि नुसत्या हारजितीवरून शक्यता तीन टक्क्यांपर्यंत खात्रीनं मापायला हजाराच्या वर मॅच लागतात, १६२ च्या अख्ख्या सीझनमध्ये आठेक टक्के इकडंतिकडं होतंच. उद्यमबागेतल्या भाषेत, मायक्रोमीटरचं काम आपण टेपनं करायलोय.

म्हणून टेलिग्रामवरच्या "सलग सहा बरोबर" वाल्यांचंही ऐकू नका. ६४ जणांना अर्ध्यांना ही टीम, अर्ध्यांना ती असं सांगत गेलं, आणि दर वेळी बरोबर निघालेल्या गटालाच पुढं सांगितलं, की सहा मॅचनंतर एकजण उरतोच, त्याला वाटतं हा देवमाणूस.

स्वतःचा अंदाज तपासायचा असेल तर रेट्रोशीट ह्या वेबसाइटवर बेसबॉलच्या जुन्या मॅचची माहिती फुकट मिळते. ग्लेन ब्रायर ह्यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजाला मार्क द्यायची पद्धत काढली, तीच वापरा. एका सीझनच्या रनवरून तुमचा हिशोब बसवा, मग पुढच्या सीझनच्या प्रत्येक मॅचला निकाल न बघता टक्के लिहा. ७० लिहिलं आणि टीम जिंकली तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. हारली तर ०.७ चा वर्ग, ०.४९. सगळ्याची सरासरी काढा, जितकी कमी तितका अंदाज चांगला. डोळे झाकून प्रत्येक मॅचला पन्नास लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते, आणि बेसबॉलमध्ये त्याच्यापेक्षा थोडं खाली यायलाच भरपूर घाम गाळावा लागतो.