स्वॅम्प ब्लूज: आधी ठेका, मग बाकी सगळं

स्वॅम्प ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातली ब्लूज संगीताची एक शैली, वाजवायला घेतलं की बहुतेक जण आधी सोलो बसवायला जातात आणि तिथेच गाडी अडते. सूर बरोबर लागतात, कॉर्ड तर जेमतेम तीन, तरी ते गाणं तसं वाजत नाही म्हणजे नाहीच. कारण इथे सगळा जीव ठेक्यात आहे, आणि तो ठेका असा का झाला हे कळायला १९५० च्या दशकातल्या लुइझियानात जावं लागतं.

वाजवणारे बहुतेक तिथल्या बॅटन रूज शहरातले आणि आसपासचे कृष्णवर्णीय कलाकार. रेकॉर्डिंग व्हायचं तिथून साधारण १३० किलोमीटरवर, क्राउली नावाच्या भातशेतीच्या गावात, जे. डी. मिलरच्या छोट्या स्टुडिओत. १९५४ मध्ये मिलरने गायक-गिटारवादक लाइटनिन स्लिमचं 'बॅड लक' रेकॉर्ड केलं. गिटार, हार्मोनिका आणि ड्रम, एवढंच. बास नाही, पियानो नाही, म्हणजे खालचे सूर आणि लय दोन्ही एकट्या गिटारने सांभाळायचे, आणि माझ्या मते या शैलीचा पाया तिथेच पडला, कारण ज्याच्या अंगावर एवढं काम आहे तो करामती करत बसत नाही, तो चाल धरून ठेवतो. नंतर मिलर ही रेकॉर्डिंग नॅशव्हिलच्या एक्सेलो या रेकॉर्ड कंपनीला द्यायला लागला आणि हा आवाज लुइझियानाबाहेर पोचला.

चाल मुळात शफलची. एका ठोक्याचे तीन सारखे भाग करायचे, पहिला वाजवायचा, मधला सोडून द्यायचा, तिसरा वाजवायचा. दादरा ऐकून कान तयार असेल तर ही तीनची झुलती चाल आपल्याला लगेच ओळखीची वाटते. यात जिमी रीड या ब्लूज गायकाचा वाटा मोठा आहे. तो मिसिसिपीचा, रेकॉर्डिंग शिकागोची, आणि त्याच्यामागे एडी टेलरची गिटार जे खालच्या तारांवर एकसारखं चालत राहतं ते बॅटन रूजच्या मंडळींनी मनापासून उचललं. फक्त आपल्याकडे आणताना आणखी सैल केलं, मधे मोकळी जागा जास्त ठेवली आणि त्या जागेत मिलरने स्टुडिओतला एको, म्हणजे प्रतिध्वनी, भरला. म्हणून ऐकताना दमट हवेत आवाज तरंगतोय असं वाटतं. पण सैल म्हणजे ढिलं नव्हे हं. ड्रमरची लय पक्की असते, गाणारा आणि गिटारवाला तिच्यावर किंचित मागे रेलून बसतात. लयच डळमळली तर रेलायचं कशावर?

ठेक्यावर त्या स्टुडिओत किती जीव होता ते लेझी लेस्टरमुळे कळतं. लाइटनिन स्लिम रेकॉर्डिंगला निघाला होता आणि त्या बसमध्येच त्याची नि लेस्टरची गाठ पडली. पुढे स्लिमच्या रेकॉर्डवर हार्मोनिका लेस्टरची असायची, स्लिम मधेच 'वाजव रे पोरा' अशी हाक मारतो ती त्यालाच. पण हा माणूस पुठ्ठ्याचा खोका आणि गुंडाळलेलं वर्तमानपत्रसुद्धा वाद्य म्हणून वाजवायचा! खोक्याचा आवाज बोदा, लगेच विरणारा, त्यामुळे गाण्यात गर्दी होत नाही आणि ठोका मात्र अंगाला लागतो.

मग दुसरा स्लिम, गायक आणि हार्मोनिकावादक स्लिम हार्पो. १९५७ च्या त्याच्या पहिल्याच रेकॉर्डवर एका बाजूला 'आय अॅम अ किंग बी', त्यात बास मधमाशीसारखा गुणगुणतो, आणि दुसऱ्या बाजूला जे गाणं आहे त्याची चाल शफल नाहीच, ती रुंबाकडे, म्हणजे क्युबातल्या नाचाच्या ठेक्याकडे, झुकलेली. शेजारी न्यू ऑर्लिन्स आणि पलीकडे कॅरिबियन, तेव्हा हे तिथल्या कानांना नवं नव्हतं. १९६६ मध्ये 'बेबी स्क्रॅच माय बॅक' आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं आणि पॉप यादीत १६ व्या. ते गाणं हेडफोन लावून ऐका. गिटार सूर कमी वाजवते आणि खरवडते जास्त, कोंबडीने माती उकरावी तसं, डाव्या हाताने तारा अर्ध्याच दाबायच्या आणि उजव्याने झटका द्यायचा. एक झटका जरी लवकर पडला तरी मजा गेली.

मिलरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. या कलाकारांच्या गाण्यांवर तो लेखक म्हणून टोपणनावाने स्वतःचं नाव लावायचा, आणि १९६० च्या दशकात त्याने वर्णद्वेषी रेकॉर्डही काढल्या. ज्यांच्या हातातला ठेका त्याने जगाला ऐकवला त्यांच्याच समाजाविरुद्ध. त्याचा कान चांगला होता म्हणून हे माफ होत नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडने १९६४ च्या पहिल्याच अल्बमवर किंग बी घेतलं आणि १९७२ मध्ये हार्पोचं 'शेक युअर हिप्स'. हे दुसरं ऐकायला मात्र हार्पो नव्हता, १९७० च्या जानेवारीतच तो गेला.

वाजवायला बसाल तेव्हा गिटार जरा बाजूला ठेवा, एक रिकामा खोका घ्या, लाइटनिन स्लिमचं कुठलंही गाणं लावा आणि ते संपेपर्यंत फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर हात मारा, मधे काहीही भर न घालता. ते जमलं की मग गिटार उचला, आणि तेव्हाही आधी खालच्या दोन तारा.