गावपातळीवरील पूरनियोजन आणि लोकसहभाग (गोवा)

गावात पाणी शिरण्याआधी, शिरल्यावर आणि ओसरल्यावर कोणी काय करायचे हे गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवणे, लिहून ठेवणे आणि दरवर्षी मृगाआधी तपासून घेणे, म्हणजे गावपातळीवरील पूरनियोजन. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. सह्याद्री समुद्राला इतका जवळ आहे की नद्या आखूड आहेत. सत्तरी तालुक्याच्या डोंगरात पहाटे कोसळलेले पाणी दिवस मावळायच्या आत खालच्या गावांत उतरते. बाहेरची मदत पोचेपर्यंतचे पहिले काही तास गावालाच निभवावे लागतात, म्हणून योजनाही गावाची हवी.

गोव्यातले पूर एका जातीचे नाहीत आणि एकच छापील आराखडा सगळ्या पंचायतींना चालत नाही. २३ जुलै २०२१ रोजी म्हादई, खांडेपार आणि त्यांच्या उपनद्यांना आलेला पूर संततधारेचा होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील इब्रामपूर, हणखणे, साळ वगैरे गावांत पाणी भरले, ते तिळारी धरणातून सोडलेल्या विसर्गामुळे. काणकोणात २ ऑक्टोबर २००९ रोजी तळपण आणि गालजीबाग या छोट्या नद्यांनी काही तासांत गावे धुऊन नेली. पाऊसकाळ सरला असे समजून लोक निर्धास्त होते. तरीही अनेक ठिकाणी पूरसज्जतेची मुदत अजून ३० सप्टेंबरला संपते. ती किमान दिवाळीपर्यंत न्यायला हवी.

जुनी घडी आणि तिची मोडतोड

पाण्याशी गावाने मिळून वागायचे हे गोव्याला कोणी नव्याने शिकवलेले नाही. नदीकाठची सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. बांध आणि मानस यांच्या जोरावर ती उभी आहे. मानस म्हणजे बांधातले, चिऱ्याच्या बांधकामात बसवलेले लाकडी दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की ते आपोआप मिटते, आणि ओहोटीला (गोव्याच्या बोलीत सुकतीला) आतल्या पाण्याच्या जोराने उघडते. आत पोय असते, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे खोलगट पात्र. गावकरी संस्था, म्हणजे पुढची कोमुनिदाद, बांधांवर पायणी नेमत असे. खेकड्यांची बिळे, खचलेला काठ, सैल झालेला चिरा पाहत हिंडणे हे त्याचे काम, आणि फुटलेल्या बांधाची झळ ज्यांना लागे त्यांच्याच उत्पन्नातून दुरुस्ती होई.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांध राखण्याची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली. मोठ्या दुरुस्त्या कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग पाहतो, नदीचे पात्र जलस्रोत खाते, तर आपत्तीची जबाबदारी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणावर आणि खाली पंचायतीवर येते. आज मानस एकाच्या हाती, बांध दुसऱ्याच्या, आणि पाणी शिरते तिसऱ्याच्या घरात. बहुतेक ठिकाणी दुखणे इथेच आहे. लोकसहभाग म्हणजे ग्रामसभेत माना डोलावणे नव्हे. या तिघांना एका चटईवर बसवून कोणत्या तासाला कोण काय करणार हे ठरवणे, हा त्याचा खरा अर्थ.

मानशीच्या मासेमारीचा लिलाव हा कळीचा मुद्दा. बोली जिंकणाऱ्याला कोळंबी आणि मासळीसाठी भरतीचे पाणी आत हवे असते, शेतकऱ्याला नको असते. दारात जाळे लावले, दार काठीने टेकवून उघडे ठेवले किंवा फळ्या कुजू दिल्या तर भर पावसात खारे पाणी आत येते आणि गोडे बाहेर जात नाही. त्यामुळे लिलावाच्या करारातच अट हवी: पावसाचा ऑरेंज किंवा रेड इशारा आला की जाळे उचलायचे, दारे आपोआप उघडमीट होतील अशी मोकळी सोडायची, न केल्यास अनामत रक्कम जप्त. ही अट तोंडी ठेवली की पहिल्याच उधाणात वाद होतो.

पाण्याचा हिशेब

गावाच्या पूरसमितीने सर्वांत आधी एक साधे गणित मांडावे. खाजन आणि भोवतीची टेकडी मिळून १०० हेक्टर पाणलोट धरला आणि सहा तासांत १०० मिमी पाऊस झाला, तर एकूण एक लाख घनमीटर पाणी पडते. त्यातले निम्मे वाहून खाली आले तरी ५०,००० घनमीटर. या सहा तासांत बाहेर भरती असली तर मानस मिटलेली राहते आणि हे सगळे पाणी आतच सामावावे लागते. पाच हेक्टरच्या पोयीत काठापर्यंत एक मीटर जागा रिकामी असेल तर ते जेमतेम मावते. पोयीत अर्धा मीटर गाळ साचला असेल, किंवा भराव टाकून दोन हेक्टर बुजवले असतील, तर उरलेले पाणी कुठे जाईल हे सांगायला अभियंता लागत नाही. भराव टाकण्याच्या परवानगीवर ग्रामसभेत चर्चा होते तेव्हा हेच आकडे पुढे ठेवावेत. नुसत्या भावनेच्या आक्षेपापेक्षा त्यांना वजन येते.

भरतीचे वेळापत्रक यासाठीच लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वाधिक चढते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी. तिथीला पाऊणने गुणले की भरतीचा तास मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. पण तो समुद्रकाठचा. नदीत आत जावे तशी भरती उशिरा पोचते, त्यामुळे आपल्या पुलाशी किती उशीर होतो हे दोन-तीन उधाणांत घड्याळ लावून नोंदवावे. फुटलेला बांध तात्पुरता बुजवायचा तर भांगाची ओहोटी गाठावी. आत चिकट चिखलाचा गाभा, बाहेरून चिऱ्यांचा थर. गाभा न भरता नुसत्या वाळूच्या पिशव्या रचल्या तर पाणी मधून झिरपते आणि पुढच्या उधाणाला तीच जागा पुन्हा फुटते.

एप्रिल-मेमधली कामे

गोव्यात १९१ पंचायती आहेत. पंचायत कायद्याप्रमाणे होणारी एप्रिलची ग्रामसभा या कामासाठी नेमक्या वेळी येते. जुलैच्या सभेपर्यंत थांबले तर योजना पाण्यात बसून लिहावी लागते.

पहिले काम शिवारफेरी. वाड्यावाड्यांतल्या जाणत्या माणसांना घेऊन चालायचे आणि मागच्या पुरात पाणी कुठवर आले त्या खुणा भिंतींवर रंगाने करायच्या. वेगवेगळ्या घरांच्या जोत्यांची तुलना करायला गवंडी वापरतात ती १५-२० मीटरची पारदर्शक पाण्याची नळी पुरते. नळीत बुडबुडा राहिला की माप चुकते, म्हणून आधी दोन्ही टोके एकत्र धरून पाणी समान पातळीला येते का ते पाहावे. या मोजणीतून बहुधा एक धक्का बसतो: निवाऱ्यासाठी ठरवलेली शाळाच जवळच्या घरांपेक्षा खाली निघते, किंवा शाळा उंचावर असली तरी तिकडे जाणारा रस्ता व्हाळावरून (ओढ्यावरून) जातो.

दुसरे काम पट्टीचा खांब. पुलाच्या खांबावर दर १० सेंमीला खूण, खाली हिरवा पट्टा, मग पिवळा, मग लाल. रंगांच्या रेषा सरकारी कोष्टकातून उचलू नयेत. सर्वांत सखल घराच्या जोत्याशी पाणी पोचायला तीन तास उरतात ती पातळी पिवळी. पातळीइतकाच चढण्याचा वेग महत्त्वाचा असतो, म्हणून मुसळधार पावसात दर अर्ध्या तासाला वाचन घेऊन वहीत वेळेसह लिहावे. वाचणारी दोन घरे ठरवावीत, आणि त्यातले एक नदीच्या पलीकडचे असावे, कारण पूल बंद झाला की अलीकडच्याला पलीकडचे काही कळत नाही.

यादी करताना मतदारयादीवर विसंबू नये. भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय मजूर, डोंगरावरची धनगर कुटुंबे, नदीकाठच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) वस्ती करून राहणारी घरे ग्रामसभेला येत नाहीत आणि यादीतून हमखास सुटतात. अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवरचे, दिवस भरत आलेल्या बाया, आणि गुरे किती, होडी कोणाकडे, दोर कोणाकडे, जनरेटर कोणाकडे हे वाडावार लिहावे. गुरांची सोय आधी ठरली नाही तर माणसे घर सोडत नाहीत. रात्री गोठ्याची दावी सोडणे एवढेही काम एखाद्याच्या नावावर असावे.

निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा आणि दिवसाला सगळ्या वापराचे मिळून १५ लिटर पाणी हे किमान माप. ६० माणसांसाठी २१० चौरस मीटर, म्हणजे साध्या तीन-चार वर्गखोल्या, आणि रोज ९०० लिटर पाणी. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि ते म्हापशाला राहतात, अशी गावे कमी नाहीत. दुसरी किल्ली पंचाकडे हवी.

धरणाखालची गावे

तिळारीचा विसर्ग महाराष्ट्रातून ठरतो. ती बातमी तिथल्या जलसंपदा विभागाकडून गोव्याच्या जलस्रोत खात्याकडे, मग जिल्हाधिकारी, मामलेदार, पंचायत अशा पायऱ्यांनी उतरते, आणि प्रत्येक पायरीला वेळ जातो. अंजुणे धरणाखाली वाळवंटी नदीकाठच्या साखळी शहराचेही तसेच. विसर्ग आणि भरती एकाच वेळी आली की पाणी तुंबते. यावर गावाकडे एक उपाय आहे. वरच्या गावाने खालच्या गावाला थेट फोन करायचा, आणि वरच्या खुणेपासून आपल्या खांबापर्यंत पाणी यायला किती वेळ लागतो हे एक पावसाळाभर नोंदवायचे. अशी वही दोन वर्षांची झाली की अंदाज बरेच नेमके येऊ लागतात. नदीवरच्या छोट्या बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाआधी काढल्या का, हेही वरच्याच गावाने पाहायचे. राहिलेल्या फळीत ओंडके, बांबू आणि प्लास्टिक अडकून पाणी काठाबाहेर पडते.

पाणी चढताना

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अति जोरदार, त्यावर अत्यंत जोरदार. पण इशारा जिल्ह्याचा असतो, वाड्याचा नसतो. वीज गेली की मोबाइलचा मनोराही फार काळ टिकत नाही, म्हणून देवळाची घंटा, चॅपेलची घंटा, भोंगा यांपैकी जे असेल त्याचा वेगळा ठेका ठरवावा. पूजेच्या किंवा प्रार्थनेच्या घंटेसारखाच ठेका ठेवला तर कोणी उठत नाही. लाईनमनचा नंबर पंचाकडे हवाच, कारण जोत्याला पाणी लागण्याआधी ट्रान्सफॉर्मर बंद करून घ्यावा लागतो. वाहत्या पाण्यातून रस्ता ओलांडायचा नाही. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडते. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

ओसरल्यावर

सर्वांत जास्त हलगर्जी इथे होते. पूर गेला की समितीही पांगते, आणि आजार आठ-पंधरा दिवसांनी येतात. विहिरीतले गढूळ पाणी आधी उपसावे. नव्या पाण्यासाठी दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. तीन मीटर व्यासाच्या, चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत साधारण २८,००० लिटर पाणी असते, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडून ढवळावे. तासाभराने क्लोरोस्कोपवर (पाण्यातला क्लोरीन तपासायच्या साधनावर) लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला नाही तर मात्रा पुन्हा द्यावी. उघडी राहिलेली जुनी पोती निकामी असतात. चिखलात अनवाणी काम केल्यावर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून आरोग्य केंद्रात जावे, घरी गोळ्या घेत बसू नये.

नुकसानीचा पंचनामा तलाठी करतो. घर साफ करण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. शेतीसाठी शेतकरी आधार निधीचा अर्ज करताना एक अडचण वारंवार येते: जमीन कोमुनिदादीची किंवा सामाईक, कसणारा दुसराच, आणि उताऱ्यावर नाव तिसऱ्याचे. कसणाऱ्यांची यादी कुळांच्या संघाने मे महिन्यातच पंचायतीकडे दिलेली असेल तर हा पेच बराच सैल होतो.