लाल टोपण आणि झाकलेला डोळा

बाटलीचं एक लाल टोपण घ्या. आधी उजवा डोळा झाकून पाहा, मग डावा. निरोगी माणसाला दोन्ही वेळा लाल सारखाच दिसतो. दृष्टिचेतेला, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतेला, सूज आलेली असेल, तर त्या डोळ्याला तोच लाल फिका, विटका, कधी करडासुद्धा दिसतो. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांत परिचारिका ही तपासणी मिनिटभरात करू शकते. मला तिचं फार मोल वाटतं.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते. एका दृष्टिचेतेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. आवरण गेलं की त्यांच्यातला संदेश मंदावतो, अडतो. तरीही रुग्ण नजर तपासायच्या तक्त्याची बारीक ओळ वाचू शकतो, कागदावर ६/६, म्हणजे नजर सामान्य, अशी नोंद होते, आणि तो म्हणत राहतो, "नीट दिसत नाही हो." त्याचं ऐकायला हवं. तक्त्यावर पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं असतात. विटलेला रंग किंवा तिन्हीसांजेला पुसट झालेली पायरी त्यात मोजली जात नाही.

म्हणून प्रत्येक डोळा वेगळा तपासायचा, चष्मा असेल तर लावून. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो. मग विचारायचं: डोळा फिरवताना दुखतं का? अमेरिकेत ४५० हून अधिक रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना डोळादुखी होती. चाचणीतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांत मात्र डोळ्याच्या आत पाहून सूज दिसत नव्हती, कारण ती मागे, चेतेत खोलवर होती.

टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली आणि उजेड पडूनही दुसरी बाहुली आकुंचन पावण्याऐवजी मोठी झाली, तर त्या बाजूची चेता दुखावली आहे. दोन्ही चेता सारख्याच बिघडल्या असतील तर मात्र हा फरक दिसत नाही.

एकाचे दोन दिसत असतील तर एक डोळा झाकायला सांगावं. कोणताही एक झाकल्यावर दुसरी प्रतिमा गेली, तर दोन्ही डोळ्यांची हालचाल जुळत नाही. झाकूनही राहिली, तर दोष बहुधा डोळ्यातच आहे.

व्यायामानं, तापानं किंवा गरम पाण्याच्या आंघोळीनं अंधुक दिसून थोड्या वेळानं पूर्ववत होतं का, हेही विचारावं. विल्हेल्म उथोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये याचं वर्णन केलं होतं. असा त्रास म्हणजे आजाराचा नवा झटका असतोच असं नाही.

आणि दिवसचे दिवस न थांबणाऱ्या उचक्या किंवा उलट्या? डोळ्यांशी संबंध नाही म्हणून त्या नोंदीतून सुटू नयेत. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या वेगळ्या, अधिक घातक आजारात मेंदूतलं उलटीचं केंद्रही सुजतं. दृष्टी झपाट्यानं जात असेल आणि अशा उचक्याही असतील, तर डॉक्टरांना लगेच कळवावं. उपचार उशिरा सुरू झाले तर गेलेली नजर परत येण्याची शक्यता घटते.