आईवडिलांचं लग्न झालेलं नाही, मग बाळाचे कायदेशीर वडील कोण?

नवराबायकोच्या मुलाचा पिता नवराच, असं बहुतेक देशांतला कायदा धरून चालतो. लग्न झालेलं नसेल तर पितृत्वाची वेगळी नोंद करावी लागते. ती होईपर्यंत बाळाला रोज अंगाखांद्यावर खेळवणारा बापही कागदोपत्री परका ठरू शकतो. वारसाहक्क, पालनपोषणाचा खर्च, विम्याचे पैसे, नागरिकत्व, ताबा, भेटीचा हक्क, सगळं तिथेच अडतं. आईवडिलांना जाणून घेण्याचा बाळाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातही आहे.

दोघंही राजी असतील तर काम सोपं असतं. पितृत्व मान्य असल्याच्या निवेदनावर सह्या करायच्या, शक्यतो जन्मनोंदणीच्या वेळीच. मात्र मनात शंका असेल तर आधी चाचणी करा, मग सही. दिलेली सही मागे घेणं फार अवघड जातं. आणि चाचणी मागितली म्हणून आईच्या चारित्र्यावर संशय घेतला, असं कुणीही समजू नये.

एकाचा नकार असेल तर न्यायालयात अर्ज करावा लागतो. न्यायालय डीएनए चाचणी सुचवू शकतं. ती टाळणाऱ्याच्या विरोधात निष्कर्ष काढण्याची मुभाही अनेक देशांत न्यायाधीशांना असते.

चाचणीत दुखत-खुपत काही नाही. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात. बाळाचा अर्धा डीएनए आईचा, अर्धा वडिलांचा, म्हणून डीएनएमधली वीसेक ठिकाणं ताडून पाहतात. एखाद्याच ठिकाणी फरक आला तर तो उत्परिवर्तनामुळेही, म्हणजे डीएनएत आपोआप झालेल्या बदलामुळेही, असू शकतो. अनेक ठिकाणी आला तर ती व्यक्ती पिता नाही. सगळं जुळलं तर शक्यता साधारण 99.99 टक्के किंवा त्याहून जास्त निघते. नुसता रक्तगट जुळल्याने पितृत्व सिद्ध होत नाही.

घरी किट मागवून केलेली चाचणी सहसा न्यायालयात चालत नाही, कारण नमुना नेमका कोणाचा याला पुरावा नसतो. ओळखपत्र तपासून, त्रयस्थासमोर नमुना घेऊन, पाकीट सीलबंद करून पाठवलेलंच ग्राह्य धरतात. त्यासाठी एकदाच पैसे खर्च करा.

वडील हयात नसतील तर आजीआजोबांच्या नमुन्यांवरून तपास करता येतो, पण तो निकाल इतका ठाम नसतो. म्हणून लांबणीवर टाकू नका.

सल्ल्यासाठी आमच्याकडे पहिल्यांदा येताना बाळाचा जन्मदाखला, दोघांची ओळखपत्रं आणि पितृत्वाचा उल्लेख असलेली पत्रं किंवा संदेश आणा. एकटेच आलात तरी चालेल.