वर्डलमध्ये ‘ऑडिओ’ने सुरुवात का करू नये

वर्डल खेळणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे: पहिला शब्द असा घ्यावा की त्यात जास्तीत जास्त स्वर असतील. म्हणून अनेकांची सुरुवात ‘ऑडिओ’ने (ए-यू-डी-आय-ओ) होते. ए, यू, आय, ओ असे चार स्वर एकाच फटक्यात तपासून होतात. ऐकायला हे पटतं, पण हिशेब मांडला की ते टिकत नाही.

जॉश वॉर्डल यांनी 2021 मध्ये लोकांसाठी खुला केलेला आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलेला हा खेळ आता बहुतेकांना माहीत आहे. पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर योग्य जागी असेल तर हिरवं, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळं, नसेलच तर करडं.

26 अक्षरं पाच घरांत मांडली तर 1,18,81,376 जुळण्या होतात. मूळ खेळ त्यांतल्या 12,972 जुळण्या शब्द म्हणून स्वीकारायचा आणि उत्तरं मात्र 2,315 शब्दांतूनच यायची. या उत्तरांपैकी सुमारे 46 टक्क्यांत ई हे अक्षर आहे. त्याखालोखाल ए आणि मग आर. ओ, टी, एल, आय, एस जवळपास बरोबरीने 27 ते 29 टक्क्यांच्या पट्ट्यात येतात. यू साधारण 20 टक्के, डी 16 टक्के. म्हणजे ‘ऑडिओ’ने पाचपैकी दोन घरं यू आणि डी वर खर्च केली, सर्वांत कामाचं ई सोडून दिलं आणि आर, टी, एल, एस, एन यांतलं एकही तपासलं नाही.

मग चांगला शब्द कसा ओळखायचा? त्यासाठीचं माप अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये दिलं. शक्यता निम्म्यावर आणणारी माहिती म्हणजे 1 बिट, चौथाईवर आणणारी 2 बिट, अष्टमांशावर आणणारी 3 बिट. 2,315 शब्दांतून एक नेमका निवडायला साधारण 11.2 बिट लागतात. पाच घरं आणि प्रत्येकी तीन रंग, म्हणून रंगांचे नमुने 243. त्यांतले पाच अशक्य आहेत: चार अक्षरं हिरवी असतील तर पाचवं पिवळं असू शकत नाही, कारण त्याला जायला दुसरी जागाच उरत नाही. राहिले 238. आपण टाकलेला शब्द उरलेल्या शब्दांची या नमुन्यांनुसार गटांत विभागणी करतो. गट जितके जास्त आणि जितके सारखे, तितकी सरासरी माहिती जास्त. सूत्र एवढंच: प्रत्येक गटाची शक्यता गुणिले तिच्या व्यस्ताचा दोन पायाचा लॉगॅरिदम, आणि या सगळ्यांची बेरीज. शॅननने याला एन्ट्रॉपी म्हटलं.

एक डाव जवळून पाहू. ‘ऑडिओ’ टाकला, आय पिवळा आला. मग ‘नाइट’ (रात्र) टाकला. शेवटची आय, जी, एच, टी ही चारही अक्षरं हिरवी, एन करडं. आता जिंकलोच असं वाटतं, पण खरा सापळा इथेच आहे. नेहमीच्या वापरातले सात शब्द अजून उभे आहेत: लाइट, माइट, राइट, फाइट, साइट, टाइट आणि आकडा ‘एट’. हातात प्रयत्न चार. यांतलाच एकेक शब्द टाकत गेलात तर प्रत्येक चुकीचा प्रयत्न फक्त एक शब्द बाद करतो. पहिल्या प्रयत्नाची एन्ट्रॉपी जेमतेम 0.59 बिट आणि डाव जिंकण्याची शक्यता सातात चार, म्हणजे 57 टक्के.

त्याऐवजी ‘टर्म्स’ टाका, टी-ई-आर-एम-एस. हे उत्तर असूच शकत नाही हे आपल्याला माहीत आहे, आणि त्यातच त्याची ताकद आहे. पहिला टी हिरवा आला तर उत्तर टाइट. पहिला टी पिवळा आणि सोबत ई पिवळा आला तर एट, आर आला तर राइट, एम आला तर माइट, एस आला तर साइट. टीशिवाय काहीच रंगलं नाही तर फक्त लाइट आणि फाइट उरतात. सात शब्दांचे सहा गट झाले, माहिती मिळाली 2.52 बिट. चौथ्या किंवा फार तर पाचव्या प्रयत्नात उत्तर नक्की. याचसाठी एसने संपणारी अनेकवचनं हाताशी ठेवावीत. मूळ उत्तरांच्या यादीत साधी अनेकवचनं जवळपास नव्हतीच, पण चाचपणीसाठी ती चालतात. खेळाच्या कठीण प्रकारात, म्हणजे ‘हार्ड मोड’मध्ये, मात्र हिरवं अक्षर पुढच्या प्रत्येक शब्दात त्याच जागी ठेवावं लागतं, त्यामुळे ही वाट बंद होते. तिथे चार अक्षरं हिरवी होण्याआधीच वेगवेगळी व्यंजनं तपासून घ्यावी लागतात.

‘हा शब्द टाका, रोज तिसऱ्या प्रयत्नात जिंका’ असे व्हिडिओ सर्रास फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे दिमित्रिस बर्टसिमास आणि अ‍ॅलेक्स पास्कोव यांनी 2022 मध्ये मूळ यादीवरची सर्वोत्तम पद्धत पूर्ण गणिताने काढली. ‘सॅलेट’ (एस-ए-एल-ई-टी) या शब्दाने सुरुवात केली तर सरासरी 3.42 प्रयत्न लागतात आणि जास्तीत जास्त पाच प्रयत्नांत प्रत्येक उत्तर सापडतं. या यादीवर याहून कमी सरासरी कुणालाच गाठता येणार नाही. ‘लकी’ शब्द वगैरे तर सोडूनच द्या.

स्वतः प्रोग्राम लिहून पाहणाऱ्यांची चूक हमखास एकाच ठिकाणी होते: दुहेरी अक्षर. उत्तर ‘अबाइड’ (ए-बी-आय-डी-ई) आहे आणि तुम्ही ‘स्पीड’ (एस-पी-ई-ई-डी) टाकलात. पहिला ई पिवळा येतो, दुसरा करडा, कारण उत्तरात ई एकच आहे. ‘करडं अक्षर असलेले सगळे शब्द काढून टाक’ असा सरळ नियम लिहिला असेल तर प्रोग्राम इथे बरोबर उत्तरच यादीतून उडवतो. म्हणून रंग दोन फेऱ्यांत द्यायचे. पहिल्या फेरीत फक्त हिरवे ठरवायचे आणि उत्तरातली ती अक्षरं वापरली गेली अशी नोंद करायची. दुसऱ्या फेरीत डावीकडून उजवीकडे जात, उत्तरात अक्षर शिल्लक असेल तरच पिवळा द्यायचा, नाहीतर करडा. मग यादी गाळताना प्रत्येक शब्दाला उत्तर मानून हेच रंग काढायचे आणि दिसलेल्या रंगांशी तंतोतंत जुळले तरच तो शब्द ठेवायचा.