गुढी उतरली, मागोमाग रॉकेटही

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. दिवस मावळल्यावर गुढ्या उतरवून झाल्या होत्या, साखरेच्या गाठी पोरांच्या हातात गेल्या होत्या. पावणेआठच्या सुमाराला विदर्भाच्या आकाशात आगीच्या रेघा दिसू लागल्या. एक नव्हे, एकामागोमाग एक अशा कित्येक, आणि सगळ्या एकाच दिशेने सरकणाऱ्या. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरू लागले. कुणी म्हणे उल्कावर्षाव, कुणी म्हणे विमान जळतंय. तेवढ्यात चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी मोठा आवाज झाला आणि मोकळ्या जागेत धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास जवळपास तीन मीटर. तालुक्यात पवनपारला धातूचा एक गोळाही सापडला.

ती उल्का नव्हती, हे व्हिडिओ पाहूनच कळत होतं. उल्का वातावरणात सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने घुसते आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपते. त्या रेघा मात्र सावकाश, मिरवणूक निघाल्यासारख्या चालल्या होत्या. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो आणि ती जवळजवळ आडवी येते, म्हणून हा सोहळा मिनिटभर चालतो. कोणत्या कक्षेत काय फिरतंय याचा बारीक हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच अंदाज दिला: चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा, म्हणजे सर्वांत वरचा भाग. त्या टप्प्याचा व्यासही तीन मीटरच.

गंमत अशी, की हे रॉकेट सुटलं होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये. मग चौदा महिने ते वर काय करत होतं?

दूरसंचाराचे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतात. रॉकेट त्यांना थेट तिथे नेऊन ठेवत नाही. ते एका लांबट, अंडाकृती कक्षेत सोडतं. या कक्षेचं एक टोक त्या ३६ हजारांवर, दुसरं जमिनीपासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर. उपग्रह आपल्या इंजिनाने पुढची वाट धरतो, रिकामा टप्पा मात्र त्या अंडाकृती वाटेवरच फिरत राहतो. दोनशे किलोमीटरवर हवा अगदी विरळ असली तरी असते. झोपाळ्यावर बसलेल्याचे पाय दर झोक्याला जमिनीला घासले तर झोका कमी कमी होत जातो, तसंच इथे घडतं. घासणं खालच्या टोकाला, पण उतरत जातं ते वरचं टोक. शेवटी झोका संपतो. कुठे संपणार, हे आधी नेमकं सांगणं जवळपास अशक्य, कारण सूर्याच्या लहरीनुसार वरची हवा फुगते-आकसते, आणि त्या वेगाला एका मिनिटाची चूक म्हणजे पुणे ते पणजी एवढा फरक.

आणि गोळे? ती टाक्यांमध्ये दाब टिकवण्यासाठी नेलेल्या वायूची भांडी. रॉकेटचा सांगाडा बहुतेक ॲल्युमिनियमचा, ते ६६० अंशांना वितळतं. अशी भांडी टायटॅनियमची असतात, नाहीतर वरून कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेली. टायटॅनियमला वितळायला १,६६८ अंश लागतात. म्हणून जगात कुठेही रॉकेट पडलं की गावकऱ्यांच्या हाती हमखास गोळेच लागतात.

चंद्रपूरकरांना एकदा जे बघायला मिळालं, ते चीनच्याच ग्वेचौ आणि ग्वांग्शी प्रांतांतल्या खेड्यांना नवीन नाही. चीनची जुनी प्रक्षेपण केंद्रं शीतयुद्धाच्या काळात मुद्दाम देशाच्या पोटात, समुद्रापासून लांब बांधली, शत्रूच्या आरमाराचा हात पोहोचू नये म्हणून. आपलं श्रीहरिकोटा किंवा अमेरिकेचं केप कॅनाव्हरल समुद्रकाठी आहे, तिथून सुटलेले बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देऊन गळून पडणारे रॉकेटचे खालचे भाग, पाण्यात पडतात. सिच्वानमधल्या शिचांगहून सुटलेले बूस्टर मात्र डोंगरदऱ्यांत, शेतांत, कधी घराशेजारी पडतात. लोकांना आधी सूचना देऊन बाहेर काढतात हे खरं. पण या जुन्या रॉकेटांच्या खालच्या टप्प्यांत हायड्राझिनच्या जातीचं इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड असतं. दोन्ही एकत्र आले की ठिणगीशिवाय पेटतात, ही इंजिनीअरची सोय. दोन्ही जहाल विषारी, ही खाली राहणाऱ्याची गैरसोय. पडलेल्या बूस्टरमधून तांबूस तपकिरी धूर निघतो तो या टेट्रॉक्साइडचाच. याच लाँग मार्च ३बीचं पहिलं उड्डाण फेब्रुवारी १९९६ मध्ये सुटल्यावर बावीस सेकंदांत डोंगरावर कोसळलं. सरकारी आकडा सहा मृत, ५७ जखमी.

२०१६ मध्ये हायनान बेटावर, समुद्रकाठी वनचांगचं केंद्र सुरू झालं. त्यामागे एक मजेशीर अडचणही होती: आतल्या केंद्रांवर रॉकेट रेल्वेने न्यावं लागतं, आणि रेल्वेच्या बोगद्यांतून जायचं तर त्याची जाडी ३.३५ मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. पाच मीटर जाडीचं 'लाँग मार्च ५' त्यामुळे बोटीतूनच येतं. या रॉकेटने चीनला अवकाशस्थानक दिलं. थ्येनगोंग नावाच्या या स्थानकाचे तिन्ही भाग एप्रिल २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या दीड वर्षात याच्याच '५बी' आवृत्तीने वर नेले. पण ५बीचा वीस टनांहून जड मुख्य टप्पा स्वतःही कक्षेत जातो, आणि त्याला ठरावीक जागी उतरवायची सोय केलेली नव्हती. मे २०२१ मध्ये तो मालदीवजवळ समुद्रात पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या भीतीने स्पेनने आपल्या आकाशाचा काही भाग थोडा वेळ बंद ठेवला. माझ्या मते ही निव्वळ बेफिकिरी होती. इतकं मोठं धूड वर पाठवताना ते खाली कसं येईल, याचा विचार करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं असं मुळीच नाही.

कारण याच देशाने २५ जून २०२४ रोजी चंद्राच्या पाठीमागची माती इनर मंगोलियाच्या गवताळ मैदानात अलगद आणून ठेवली. चंद्राची ती बाजू पृथ्वीकडे कधीच तोंड करत नाही, म्हणजे तिथल्या यानाशी थेट बोलता येत नाही. म्हणून आधी मार्च २०२४ मध्ये निरोप्याचं काम करणारा 'क्वेछ्याओ-२' हा उपग्रह चंद्राभोवती पाठवला. मग मे महिन्यात चांग'ई-६ हे यान निघालं, जूनच्या सुरुवातीला अपोलो नावाच्या विवरात उतरलं, दोन दिवस खणलं, खरवडलं, आणि १,९३५.३ ग्रॅम ऐवज घेऊन परत फिरलं. दोन किलोला पासष्ट ग्रॅम कमी.

परतीचा शेवटचा तुकडा बघण्यासारखा आहे. चंद्रावरून येणारी कुपी सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगाने येते, अवकाशस्थानकावरून येणारीपेक्षा कितीतरी जोरात. सरळ आत घुसली तर तापून राख व्हायची. म्हणून तिला वातावरणावर तिरकं आपटवलं. तळ्याकाठी आपण चपटा दगड फेकून पाण्यावर टप्पे काढतो, तसा तिने एक टप्पा घेतला, पुन्हा वर उसळली, वेग उतरवला आणि मग दुसऱ्यांदा आत शिरली. कोन थोडा चुकला असता तर एक तर जळाली असती, नाहीतर अवकाशात निसटली असती. आत होता तो मुख्यतः बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि तो सुमारे २८० कोटी वर्षांचा. चंद्राच्या मागच्या बाजूला इतक्या उशिरापर्यंत लाव्हा वाहत होता, हे त्या मूठभर दगडांमुळे हाताशी आलं.

आता चीनला रॉकेटही असंच शहाण्यासारखं खाली आणायचं आहे. हे पर्यावरणप्रेम नव्हे, हिशेब आहे. इंटरनेटसाठी 'ग्वोवांग' नावाने सुमारे १३ हजार उपग्रह पाठवायची योजना आहे. २०२५ मध्ये चीनने नव्वदहून अधिक उड्डाणं केली, तरी दर वेळी नवं रॉकेट जाळून १३ हजारांचा आकडा गाठणं परवडणार नाही. लँडस्पेस या खासगी कंपनीने जुलै २०२३ मध्ये मिथेनवर चालणारं रॉकेट जगात सर्वांत आधी कक्षेत पोहोचवलं होतं. केरोसीन जळालं की काजळी धरते. मिथेन स्वच्छ जळतं, त्यामुळे तेच इंजिन पुन्हा वापरणं सोपं जातं. याच कंपनीचं स्टेनलेस स्टीलचं 'झूच्वे-३' ३ डिसेंबर २०२५ रोजी गोबीच्या वाळवंटातल्या ज्युछ्वेनहून सुटलं. वरचा टप्पा कक्षेत गेला. खालचा टप्पा वळला आणि शेकडो किलोमीटरवरच्या उतरण्याच्या ओट्याकडे निघाला.

इथे खरी कसोटी असते. बहुतेक रॉकेटांत रिकाम्या टप्प्याच्या वजनापेक्षा एका इंजिनाचा जोरही जास्त पडतो, त्यामुळे हेलिकॉप्टरसारखं हवेत थांबून अंदाज घ्यायची मुभा नसते. इंजिन असं पेटवायचं की वेग शून्य आणि उंची शून्य एकाच क्षणी यावी. लवकर पेटवलं तर ते परत वर निघेल, उशीर झाला तर जमिनीत. झूच्वे-३चा नेम चांगला होता, पण शेवटच्या वेळी इंजिन पेटवताना आग भलतीकडेच लागली आणि जळता टप्पा ओट्याच्या कडेशी येऊन आपटला. वीस दिवसांनी सरकारी 'लाँग मार्च १२ए'चंही तेच झालं: वरचा टप्पा कक्षेत, बूस्टर गेला. अमेरिकेत स्पेसएक्सने हे पहिल्यांदा साधलं डिसेंबर २०१५ मध्ये. दहा वर्षांचं अंतर आहे, पण ओट्याच्या कडेपर्यंत पोहोचलेल्याला हसू नये.

झूच्वे-३च्या उड्डाणाच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, चीनच्या अवकाशवीरांवर वेगळाच प्रसंग आला. शेनचौ-२० यानातून अवकाशस्थानकावर गेलेले तिघे ५ नोव्हेंबरला परतणार होते. त्यांची जागा घ्यायला आलेली शेनचौ-२१ची तुकडी पोहोचली होती, हवाली-हस्तांतर झालं होतं. तेवढ्यात परतीच्या कुपीच्या खिडकीला बारीक चिरा दिसल्या. संशय अवकाशातल्या कचऱ्याच्या कणावर.

एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा कण घ्या. वजन दीड मिलिग्रॅमसुद्धा नाही. पण टकरीचा वेग सेकंदाला दहा किलोमीटर धरला, तर त्याची ऊर्जा ताशी १०८ किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूइतकी भरते, आणि ती सगळी एका टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर. असे कण रडारला दिसत नाहीत. रडार पकडतं ते साधारण दहा सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे, आणि त्यातले तीन हजारांहून अधिक एकट्या चीनने एका दिवसात तयार केले होते: ११ जानेवारी २००७ रोजी आपलाच एक जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडून.

चिरलेल्या खिडकीच्या कुपीतून माणसं आणायचा धोका घेतला नाही. १४ नोव्हेंबरला ते तिघे शेनचौ-२१च्या कुपीतून परतले, २०४ दिवसांनी. म्हणजे वर राहिलेल्या तिघांची परतीची गाडी दुसरेच घेऊन गेले. पुढचे अकरा दिवस त्यांच्याकडे भरवशाचं परतीचं यान नव्हतं. चीनचा शिरस्ता असा, की एक यान उडतं तेव्हा दुसरं ज्युछ्वेनला जवळपास तयार ठेवायचं. तो शिरस्ता प्रथमच कामी आला. २५ नोव्हेंबरला शेनचौ-२२ एकही माणूस न घेता वर गेलं. आत होतं खायचं सामान, सुटे भाग, आणि खिडकीची ती चीर आवरण्यासाठी केलेलं एक उपकरण.